तिसरा माणूस आला की

आमच्या केंद्रात तिला सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. पक्षाघाताने पडलेल्या, अपघातात हातपाय गमावलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं हे आमच्या केंद्राचं काम. मी तिथल्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनवतो, म्हणून मी पायवाले भाऊ. ती लागली तेव्हा जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा जुना बोर्ड होता. समोर भोकांच्या रांगा, हातात पिना. बाहेरचा फोन आला की या भोकातली पिन त्या भोकात. कोणत्या वॉर्डात फोन पटकन उचलतात आणि कुठे उचलून नुसता बाजूला ठेवतात, हे तिला आवाजावरून कळायचं.

अठरा वर्षांनी तो बोर्ड भंगारात गेला. तिला तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये जागा देऊ केली. ती म्हणाली, "मेलेल्या कागदांपाशी नको, मला जिवंत तारांपाशी ठेवा." मग कॉम्प्युटर विभागात मदतनीस म्हणून गेली. चाळिशी उलटलेली, शिक्षण बेताचं, पण वाचायची चिकाटी दांडगी. एक जाड वही केली आणि जे जे करून पाहिलं ते त्यात लिहीत गेली. काय चाललं हे थोडं, काय फसलं हे जास्त.

केंद्राने घरबसल्या उपचार सुरू करायचे ठरवले तेव्हा पडद्यावरच्या भेटींसाठी स्वतःचा सर्व्हर हवा, हा हट्ट तिचाच. तिचं म्हणणं सरळ होतं. पेशंटचा चेहरा वाकडा असतो, लाळ गळते, माणूस मध्येच रडतो. हे चेहरे परक्या कंपनीच्या यंत्रावरून कशाला फिरवायचे? जुन्या प्लास्टररूममध्ये तीन टाकाऊ कॉम्प्युटर जोडून तिने तो सर्व्हर उभा केला आणि चार वर्षं चालवला.

मला त्यातलं काही कळत नसे, पण तिने एकदा समजावलं ते डोक्यात बसलं. साधं वेबपान उघडणं म्हणजे खिडकीवर जाऊन विचारायचं, उत्तर घ्यायचं, निघायचं. खिडकी बंद. बैठकीला हे चालत नाही, तिथे पिन खोचूनच ठेवावी लागते. खोचून ठेवलेली पिन म्हणजे वेबसॉकेट. सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी नावाचा दारवान उभा असतो. त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की हा विचारून जाणारा नाही, राहणारा आहे, दार लोटू नकोस. चार-दोन ओळींत सांगून होतं. नाही सांगितलं तर तो बिचारा सवयीने दार लावून घेतो.

"आणि यात एक मेख आहे, भाऊ," ती म्हणाली होती. "बैठकीत दोघंच असली तर त्यांची यंत्रं परस्पर बोलतात. तिसरा माणूस आला की सगळ्यांची चित्रं मधल्या पुलावरून जायला लागतात, आणि कोणाला कोणाचं चित्र द्यायचं हे त्या पुलाला वेबसॉकेटवरून कळतं. ती पिन नसेल तर आवाज येत राहतात, चित्रं जातात. दोघांत तपासलं तर कधीच कळायचं नाही."

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाई डूख धरणारी होती. मी हे तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोललोय. बोर्डावर असताना एका कारकुनाने गंमत म्हणून तिची छत्री लपवली, ती भिजत घरी गेली. त्यानंतर त्याच्या बायकोचा फोन आला की बाई गोड आवाजात सांगायची, "लाइन बिझी आहे, थांबावं लागेल." नऊ वर्षं. तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या चहालाही ती गेली नाही.

अशा बाईच्या वाटेला गेले आमचे डेमोसाहेब.

ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख म्हणून आले. कडक इस्त्री, पायात आवाज न करणारे बूट, आणि दर आठवड्याला कसलं ना कसलं प्रात्यक्षिक, म्हणून हे नाव. आल्या आल्या म्हणाले, प्लास्टररूममधलं हे भंगार चालणार नाही. नवं यंत्र आलं, पुढे नवी प्रॉक्सी बसली. बाईने नव्या मांडणीसाठी चार पानांचं टिपण लिहून दिलं. काय कुठे हलवायचं, दारवानाला काय सांगायचं, सगळं. साहेबांनी ते घेतलं आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

तरीही तिने गिळलं असतं. पण सगळ्यांच्या सभेत साहेब हसत हसत म्हणाले, "इतकी वर्षं आपण पिना खोचणाऱ्या बाईंच्या भरवशावर पेशंट सोडले होते. नशीबच म्हणायचं." लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. ती शेवटच्या रांगेत बसली होती. हसणाऱ्या एकेका चेहऱ्याकडे तिने नीट पाहून घेतलं. त्याच आठवड्यात तिची बदली तळघरात झाली, मेलेल्या कागदांपाशी.

नव्या सर्व्हरची चाचणी मी पाहिली. साहेबांनी एक लॅपटॉप आपल्या केबिनमध्ये ठेवला, दुसरा सभागृहात. दोन्हीकडे चित्र स्वच्छ. टाळ्या. बाई फायलींचा गठ्ठा घेऊन दारात थांबली होती. तिने विचारलं, "साहेब, तिसरा माणूस..."

"बाई, तुमचं काम रेकॉर्डचं," साहेब मागे न वळता म्हणाले.

तिने तोंड मिटलं. मिटताना मी पाहिलं. नाराज माणूस तसं तोंड मिटत नाही, पेटीला कुलूप लावताना मिटतात तसं.

घरी तिचा नवरा आणि थोरली नणंद. नवरा वर्कशॉपमधला मेकॅनिक, गरीब गाय. तो म्हणाला, "अगं, सांगून टाक ना त्यांना. काम अडेल."

"अहो, सांगायला गेले तर गप्प केलं."

नणंद एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, आता घरीच असे. ती विणकामातून मान वर न करता म्हणाली, "लिहून दिलंयस ना?"

"दिलंय, वन्सं. तिसऱ्या पानावर."

"मग झालं. बाटलीवर लेबल लावलेलं असताना कोणी प्यायलं, तर दोष पिणाऱ्याचा."

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, काहीही न लपवता. त्या रात्री तिला गाढ झोप लागली होती, हेसुद्धा.

एकेकट्या पेशंटचे उपचार सुरळीत चालले. गट बसला की मात्र तिसऱ्या माणसाबरोबर सगळे पडदे काळे. आवाज येत, पण माणसं आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी विचारत, "कोण बोलतंय? कोण?" साहेबांनी कॅमेरे बदलले. तारा बदलल्या. मग म्हणाले, पेशंटचे फोनच जुने आहेत.

सर्वांत हाल झाले स्पीचवाल्या मॅडमचे. झटक्याने वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवत. त्यांचा सगळा खेळ ओठांवर. समोरच्याचे ओठ पाहायचे आणि तसे आपले हलवायचे. चित्र गेलं की उरलं काय? बाईची आणि त्यांची जुनी मैत्री. रोज दुपारी तळघरात दोघी एकत्र डबा खात. मॅडम घास हातात धरून सांगत राहत, आज अमक्याने फोन आपटला, आज तमका रडला. बाई ऐकत राहायची. भाजी पुढे सरकवायची.

असे पाच आठवडे गेले.

मग विश्वस्तांसमोर उद्घाटन झालं. अकरा माणसं पडद्यावर येणार होती. पहिले दोन आले, साहेबांनी हात पुढे करून "पाहा" म्हटलं, आणि तिसऱ्याबरोबर अंधार. अंधारात कोणीतरी खोकलं. कोणीतरी विचारलं, "सुरू झालं का?" पंधरा मिनिटं अकरा आवाज एकमेकांना चाचपडत होते. शेवटी ज्याने त्याने फोन ठेवला.

बाई तळघरातून वर आली नव्हती. मी धावत जाऊन सांगितलं. ती फायलीवर क्रमांक टाकत होती. "अस्सं," एवढंच म्हणाली, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत खुलली.

पण चोर तो चोर वर शिरजोर. साहेबांनी लेखी तक्रार केली की बदलीच्या रागातून बाईंनी जुना पासवर्ड वापरून सर्व्हर बिघडवला. अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती यंत्रणा दिल्याचा हा परिणाम. तिला घरी बसवलं. निलंबनाचा कागद प्रवेशद्वारापाशी फलकावर लागला, येणाजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. पेशंटसुद्धा थांबून वाचत. तो नऊ दिवस लटकत होता.

माझा अंदाज होता की ती कोलमडेल. मी घरी गेलो तर ती टेबलाशी बसून अर्ज लिहीत होती, आणि वन्सं एकेक शब्द पारखून देत होत्या. चौकशीच्या अध्यक्ष होत्या एक निवृत्त न्यायाधीश बाई. त्यांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, त्या घरून चौकशी करणार होत्या. अर्जात एकच मागणी होती: चौकशी त्याच सर्व्हरवर घ्यावी.

"फोनवर होईल की," मी म्हटलं.

"फोनवर नको," ती म्हणाली. "मला त्याचा चेहरा जाताना पाहायचाय."

चौकशीच्या सकाळी ती माझ्या कार्यशाळेतून बसली. साक्षीदार म्हणून मी शेजारी. मागे फळीवर पाय ओळीने टांगलेले, गुडघ्याखालचे, गुडघ्यावरचे. तिने केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती.

अध्यक्षबाई आणि साहेब आधीच जोडले गेले होते. बाई आत गेली. क्षणभर साहेबांचा टाय दिसला, मग सगळं काळं.

"बघा!" साहेबांचा आवाज आनंदाने चिरकला. "आत्तापर्यंत उत्तम चाललं होतं, मॅडम. या आल्या आणि बंद पडलं. याहून मोठा पुरावा काय हवा?"

"साहेब बरोबर बोलतायत," बाई म्हणाली. "मी बाहेर जाते." तिने बटण दाबलं आणि अध्यक्षबाईंना साध्या फोनवरून विचारलं, "आता दिसतंय?"

"हो, दिसतायत ते."

"आता साहेबांना बाहेर जायला सांगा. मी येते."

साहेब गेले, ती आत गेली. अध्यक्षबाईंचं चित्र लख्ख. उशीवर टेकवलेला पायसुद्धा दिसत होता.

"म्हणजे तुमच्यामुळे बिघडत नाही," अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या.

"नाही. आता तुमच्या घरातलं कोणीही, ज्याचा माझ्याशी आणि या साहेबांशी संबंध नाही, असं माणूस येऊ दे."

अध्यक्षबाईंनी सुनेला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आपल्या फोनवर आली. "आई, मला तर काहीच..." आणि अंधार. मग अध्यक्षबाईंनी साहेबांनाही परत बोलावून घेतलं. काळ्या पडद्यात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"हे कशाने होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी चार पानांचं टिपण दिलंय. तिसऱ्या पानावर आहे. ते साहेबांकडे आहे, त्यांनाच वाचू द्या."

"ते आत्ता सापडणार नाही," साहेब म्हणाले.

"मी थांबते," बाई म्हणाली. "मला घाई नाही."

खण उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत राहिले. कागद सापडला. साहेब पुटपुटत वाचायला लागले तसं अध्यक्षबाईंनी खडसावलं, "मोठ्याने."

"'दोघांत तपासून खात्री मानू नये. तिसरा माणूस आला की खरी परीक्षा. पुलाच्या वेबसॉकेटचा मार्ग प्रॉक्सीत वेगळा लिहावा, नाहीतर चित्रे जातील.'"

"तारीख वाचा."

त्यांनी वाचली. चाचणीच्या बारा दिवस आधीची.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, आता तुम्हीच दुरुस्त करा."

"मी अप्रशिक्षित आहे, मॅडम. पासवर्डही काढून घेतलाय. साहेब टाइप करतील, मी सांगते."

आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते खुर्चीत, ती मागे उभी, हात पाठीशी. काचेबाहेर अर्धं केंद्र गोळा झालं होतं. ती ओळी सांगू लागली, एकेक अक्षर, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो. साहेब तो दुसऱ्या ओळीला विसरले. तिने पाहिलं. मीही तिच्या डोळ्यांवरून ओळखलं की तिने पाहिलं. ती काही बोलली नाही. सगळ्या ओळी लिहून झाल्यावर त्यांनी तपासणीची आज्ञा दिली, आणि पडद्यावर चूक आली.

"कुठे चुकलं?" साहेबांनी विचारलं.

"शोधा," ती म्हणाली.

असं तीनदा झालं. दोन मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. साहेबांच्या इस्त्रीच्या कॉलरला घामाची कड आली. शेवटी प्रॉक्सी नव्याने सुरू झाली, अध्यक्षबाई आल्या, सून आली, साहेब आले, मग माझ्या फोनवरून मी. चार चौकटींत चार चेहरे. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईने हात वर करून त्या थांबवल्या.

"माझी एक मागणी आहे," ती म्हणाली. "साहेबांच्या सहीचा खुलासा. त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या कागदावर. नऊ दिवस. एक दिवस कमी नाही."

लागला. ती रोज सकाळी फलकापाशी थांबायची, पूर्ण वाचायची, मग कामाला जायची. आठव्या दिवशी कोणीतरी दया येऊन कागद काढला, तर तिने दुसरी प्रत आणून लावली.

साहेबांच्या कराराची मुदत संपली तेव्हा केंद्राने ती वाढवली नाही. पुढे एका संस्थेतून त्यांच्याविषयी चौकशीचा फोन आला. आता विभाग तिच्याकडेच होता. ती म्हणाली, "दोन माणसांपुरतं काम फार चांगलं करतात." नोकरी मिळाली नाही म्हणे. मला हे जरा जास्त वाटलं, तसं मी बोललोही. "त्याने खोटं लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी खरं बोलले."

पण चौकशीनंतर दुसऱ्याच दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. बाई कार्यशाळेत आपली वही न्यायला आली होती, तेवढ्यात स्पीचवाल्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"लिहून दिलं होतं मी."

"ते नाही विचारत."

बाईने वही बंद केली. "हो."

"पाच आठवडे माझ्यासमोर डबा उघडून बसत होतीस. कंडक्टरकाकांचं मी तुला सांगितलं होतं ना? गटात बसून, दुसऱ्यांचे ओठ बघून, वीसपर्यंत आकडे आले होते त्यांना. पडदा काळा झाला तेव्हा त्यांना वाटलं, दुसरा झटका आला, आता डोळेही गेले. त्यानंतर ते गटात आलेच नाहीत. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी त्या माणसाच्या डोक्यावर बसून तुझ्या ओळी घालून घेतल्या असत्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाई म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं की मीच हातातला पाय खाली ठेवला. त्या गेल्या. त्यानंतर दोघींचा डबा एकत्र उघडला नाही. कामापुरतं बोलतात, एकमेकींना अहो-जाहो करतात.

बाईने कंडक्टरकाकांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांच्या पत्नीने "नको" म्हणून ठेवला. चौथ्यांदा ती सरळ घरी गेली. तिसरा मजला, जिना अरुंद. काका खिडकीपाशी बसले होते. तिने त्यांचा फोन घेतला, सगळं नीट लावलं, गटाची खोली उघडून दाखवली, आत सहा चेहरे. काकांनी पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. मग तिने आपण कोण, काय केलं, काय नाही केलं, ते सगळं सांगितलं. काका बराच वेळ ओठ जुळवत राहिले. शेवटी एकच शब्द आला.

"बस."

"आता यातून काय घ्यायचं, भाऊ?" तिने दुसऱ्या दिवशी मला विचारलं. "बसायला सांगितलं, की पुरे म्हणाले, की त्यांच्या बसचंच काही आठवलं? मी बसले. तासभर बसले. मग त्यांच्या बायकोने दिवा लावला, तशी उठले."

ती अजून महिन्या-दोन महिन्यांनी जाते. ते गटात परतले नाहीत. एकट्याने मॅडमकडे शिकतात, आकडे बारापर्यंत आलेत.

मी एकदा विचारलं, "पुन्हा तसाच प्रसंग आला तर गप्प बसशील?"

तिने खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं तिला.

"मॅडमना सांगेन," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगेन. काकांसाठी." आणि दात आवळून, "पण मग त्या माणसाला मी दुसरीकडे कुठेतरी गाठेन. तेवढं नक्की."